कावळा बसायला आणि फांदी मोडायला

‘गुण येणे’ हा आपल्या मराठीतला मोठा गोड वाक्प्रचार आहे. औषध घेतले, दोन दिवसांनी उतार पडला, की आपण समाधानाने म्हणतो, “गुण आला हो!” या दोन शब्दांत आपण किती मोठे विधान करून जातो याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. बरे वाटले ही झाली हकीकत. त्या औषधाने बरे वाटले हा झाला सिद्धांत. हकीकत आणि सिद्धांत यांच्यामध्ये एक भलामोठा ओढा आहे, आणि आपण तो नकळत एका उडीत ओलांडतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु शब्दांचा अर्थ लावणे आणि कोणते विधान कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. आणि जसजसे वय वाढते तसतसे घरात औषधाच्या बाटल्याही वाढतात. त्यामुळे ‘हे औषध खरेच लागू पडते हे यांना कळते तरी कसे?’ हा प्रश्न मला गेली काही वर्षे सतावीत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. कावीळ झाली की अजूनही पुष्कळ ठिकाणी ती ‘उतरवून’ घेतात. उतरविणारा रोग्याचे हात काहीतरी लावून चोळतो, चुन्याच्या निवळीत ते धुतो, आणि पाहता पाहता पाणी पिवळे धमक होते. रोग बाहेर पडताना डोळ्यांनी दिसला! आणखी काय पुरावा हवा? पुढे पंधरावीस दिवसांत रोगी बराही होतो. आता शंकेखोर माणसाने एवढेच करावे : रोग्याऐवजी एखाद्या धडधाकट माणसाचे हात त्याच पद्धतीने चोळून धुवावेत. पाणी तरीही पिवळे होते. कारण पिवळेपणा रोग्याच्या अंगातला नसून हाताला चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा आणि चुन्याच्या संयोगाचा असतो. राहिली गोष्ट बरे होण्याची. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. तेव्हा त्या काळात जो कोणी काही करील, त्याच्या पदरात यश पडणारच.

आपल्या पूर्वजांना ही गोम चांगली ठाऊक होती. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी ताडफळ पडले, यावरून ‘काकतालीय न्याय’ आला. आणि मराठीने त्याची घरगुती म्हण केली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली की ती मोडणारच होती, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी दुसरी फांदी हवी : तशीच, तेवढीच जुनी, पण जिच्यावर कावळा बसलेला नाही अशी. आधुनिक वैद्यकाचे सारे तर्कशास्त्र या ‘दुसऱ्या फांदी’च्या शोधात आहे असे म्हटले तरी चालेल. त्या शोधाचा एक विलक्षण अध्याय आपल्या मुंबईतच लिहिला गेला आहे.

भायखळ्याचा तुरुंग

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ‘ग्रंथिक सन्निपात’ हा वर्तमानपत्री शब्द घराघरांत पोहोचला आणि लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरात सरकारने एका छत्तीस वर्षांच्या शास्त्रज्ञाला मुंबईस आणले. वाल्देमार हाफकिन. जन्म रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरी, जातीने यहुदी, शिक्षण प्राणिशास्त्राचे, आणि उमेदवारी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतली. पटकीची लस घेऊन तो १८९३ मध्येच हिंदुस्थानात आलेला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सरंजामावर त्याने तीन महिन्यांच्या आत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

या धैर्याबद्दल कोणाचेही मस्तक नम्र होईल. पण पुरावा म्हणून त्याची किंमत काय? एवढीच, की लस टोचल्याने धडधाकट माणूस मरत नाही. तिने प्लेग टळतो की नाही, याबद्दल त्या एका दंडाने काहीच सांगितले नाही. हाफकिनला हे पुरते ठाऊक होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना, म्हणजे सुमारे निम्म्यांना, लस टोचण्यात आली. उरलेले तसेच राहिले. अन्न तेच, बराकी त्याच, पहारेकरी तेच. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

आता कोणाही वकिलाला येथे उलटतपासणी घेता येईल. “जे स्वखुशीने पुढे आले ते अधिक हुशार, अधिक सुदृढ, स्वतःची अधिक काळजी घेणारे नसतील कशावरून? मग वाचले ते लसीमुळे की स्वभावामुळे?” प्रश्न बिनतोड आहे. विज्ञानाचा मोठेपणा असा की, अशा प्रश्नाला तो अपमान समजत नाही. पुढचा प्रयोग समजतो.

उंधेऱ्याची घरे

तो पुढचा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा या गावी झाला. सुमारे हजार वस्तीचे गाव; प्लेग आधीच आलेला. या वेळी कोण पुढे येतो यावर काही सोडले नाही. एकेक कुटुंब समोर बोलावून त्याचे शक्य तितके सारखे दोन भाग पाडले : पुरुष, बाया, मुले, सशक्त, अशक्त दोन्हीकडे जमतील तेवढे सारखे. निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही. म्हणजे छप्पर एक, चूल एक, उंदीर एक, आनुवंशिक प्रकृतीही एक. फरक फक्त टोचण्याचा. ही झाली ‘दुसरी फांदी’.

पुढे अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ मरण पावली. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ मरण पावली.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पान उलटले नाही. एकीकडे तीन, दुसरीकडे सव्वीस. आणि तीही एकाच घरातली, एकाच पंक्तीला जेवणारी. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही त्यात स्पष्ट दिसते. आठ जणांना रोग झालाच. पण तिच्यामुळे मरणाचे पारडे कसे फिरते ते सांगायला गणितज्ञ नको. त्याचबरोबर मनात दुसरा काटाही सलतो. त्या सव्वीस जणांचे काय? त्यांच्या वाट्याला ‘न टोचणे’ आले ते ज्ञानासाठी. आज अशी परीक्षा घेताना प्रत्येकाची माहितीपूर्वक संमती, स्वतंत्र नीतिसमितीची अनुमती हे सारे बंधनकारक आहे, ते उगीच नव्हे. पुराव्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते. म्हणून तो हाती आल्यावर त्याकडे पाठ फिरविणे हा केवळ अडाणीपणा नाही, कृतघ्नपणाही आहे.

दोन वितींचा फरक

लस मिळाली तरी प्लेग पसरतो कसा, हे कोडे राहिलेच होते. घाण, कोंदट हवा, दमट जमीन यांवर सगळ्यांचा संशय. त्या संशयापायी घरे उकरली गेली, सामान जाळले गेले, माणसे घराबाहेर काढली गेली. आणि पुण्यात या जाचातून १८९७ साली काय घडले ते प्रत्येक मराठी माणूस जाणतो. सन १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितले की, उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. त्या वेळी त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. एका माणसाचा एक प्रयोग. तो दुसऱ्यांच्या हातून पुन्हा उतरल्याखेरीज शास्त्रात त्याला पक्के आसन मिळत नाही.

तो उतरला परळला. सन १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने मुद्दाम लहान खोपट्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. पिसवा असलेल्या जागी जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला. तसाच पिंजरा जमिनीपासून दोन फूट उंच टांगला, तर आतली जनावरे वाचली. कारण पिसूची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. पिसवांना अटकाव करणाऱ्या बारीक जाळीतली जनावरेही वाचली. हवा तर सगळ्यांना एकच होती. जाळीतून ती वाहतेच, आणि दोन फुटांवर ती काही निराळी होत नाही. मग दोषी हवा कशी? एखाद्या कसलेल्या न्यायाधीशाने आरोपींना एकामागून एक निर्दोष ठरवीत खऱ्या गुन्हेगारावर बोट ठेवावे, तसा हा युक्तिवाद आहे. सर्व गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि एकच बदलायची, हे त्याचे सूत्र. ते समजायला पदवी लागत नाही.

बाटली क्रमांक त्रेपन्न

परंतु पुरावा जसा तारतो तसा तो चुकीचा वाचला तर मारतोही. ज्याने मुंबईला लस दिली त्या हाफकिनवरच हा प्रसंग आला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मल्कोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि एकोणीसही मृत्यू पावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. तिचा क्रमांक ५३. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. म्हणजे दोष लसीत नव्हता, त्या एका बाटलीत होता, हे निर्विवाद. वाद पुढेच होता : धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कोठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मल्कोवालला बूच काढताना?

सरकारच्या चौकशी मंडळाने ठरविले की परळला. हाफकिनने निर्जंतुकीकरणाच्या रीतीत बदल करून कार्बॉलिक ॲसिड वगळले होते, उष्णतेवर भर दिला होता. तेव्हा निष्काळजीपणा तेथलाच, असा निष्कर्ष निघाला. हाफकिनला काम सोडून विलायतेस जावे लागले. कागदपत्रे मात्र १९०६ पर्यंत प्रसिद्ध झाली नाहीत. ती प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस यांच्यासारखी माणसे ती वाचू लागली आणि चित्र पालटले.

त्यांचा युक्तिवाद मला एखाद्या उत्तम निबंधासारखा वाटतो. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत कित्येक आठवडे लोटले होते. जंतू परळलाच शिरले असते, तर तेवढ्या अवधीत ते वाढून लशीत भरपूर विष साठले असते, आणि तिला दुर्गंधी आली असती. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता. दुसरे असे की, तयार विष अंगात गेले असते तर लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवडाभराने दिसली. म्हणजे ताजे, थोडे जंतू शरीरात जाऊन तेथे वाढले असावेत. आणि तिसरे : बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट न उकळताच वापरला गेला, ही नोंद चौकशीच्या कागदांतच होती! धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात. पुरावा पहिल्यापासून समोर होता. त्याची संगती लावणारे मन नव्हते.

जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका दूर झाला. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, पण पूर्वीचे काम त्याच्या हाती परत आले नाही. त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, तो लोझान येथे वारला. या कथेतून मी एक गोष्ट घेतो. निष्कर्ष कितीही मोठ्या अधिकाऱ्याने काढलेला असो, ज्यावरून तो काढला ती कागदपत्रे उघडी असली पाहिजेत. न्यायशास्त्राने ‘शब्द’ हे एक प्रमाण मानले आहे खरे, पण ते प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीत बसते. त्यांच्या डोक्यावर नव्हे.

चिठ्ठी टाकण्याचे शास्त्र

उंधेऱ्याच्या प्रयोगातही एक फट होतीच. कुटुंबाचे दोन भाग पाडणारा माणूसच होता, आणि माणसाचा हात, त्याला न कळत, आवडत्याकडे झुकतो. ही फट बुजविली चिठ्ठीने. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन नवे होते तेव्हा ब्रिटनमध्ये ते फार थोडे उपलब्ध होते. ते कोणाला द्यावे? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांची योजना केली. पाकिटात काय आहे ते रोगी निवडणाऱ्या डॉक्टरलाही आधी कळायचे नाही. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना अंथरुणावरील विश्रांती, म्हणजे तोवरचा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार वारले, दुसऱ्यातले चौदा. हा अहवाल १९४८ चा. औषध सर्वांना पुरणारच नव्हते, म्हणून चिठ्ठी ही त्या परिस्थितीत सर्वांत न्याय्य वाटणीही होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशातही लवकरच असा मोलाचा प्रयोग झाला. क्षयरोगी म्हटला की मिरज किंवा पाचगणी, हे समीकरण आपल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांना सांगायला नको. मद्रासेत १९५६ साली सुरू झालेल्या परीक्षेत काही रोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. वर्षाअखेर गुण जवळजवळ सारखाच आला, आणि घरच्यांना लागण होण्याचा धोकाही घरी ठेवल्याने वाढला नाही. खरे काम औषधांचे होते. डोंगरावरच्या हवेचे नव्हे. किती संसार त्या एका निष्कर्षाने दुभंगण्यापासून वाचले असतील!

आणि अगदी कालपरवाची गोष्ट. सन २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील करोनाने अत्यवस्थ होते. “सर, प्लाझ्मा कोठे मिळेल?” असा त्याचा फोन रात्री अकराला आला, आणि आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत शेकडो अनोळखी माणसांना गाठले. त्या दिवसांत अशी धावपळ न केलेले घर विरळा. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे आजाऱ्याला द्यावीत, ही कल्पना किती सयुक्तिक! पण सयुक्तिक असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्येच ३९ रुग्णालयांतील ४६४ रोग्यांवर चिठ्ठी टाकून परीक्षा घेतली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे पंधरा दगावले, न मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे चौदा. फरक नाहीच. पुढे ब्रिटनमधील अकरा हजारांहून अधिक रोग्यांवरील परीक्षेने तेच सांगितले, आणि मे २०२१ मध्ये आपल्या सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला.

याच्या उलट, डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध. ब्रिटनमधल्या त्याच परीक्षामालिकेत जून २०२० मध्ये दिसून आले की, कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटतात. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नाही त्यांना त्याचा फायदा दिसत नाही. ज्याच्या मागे सारे धावले ते निरुपयोगी ठरले, आणि ज्याच्यासाठी कोणाला रांग लावावी लागली नाही त्याने हजारोंना वाचविले. माझ्या विद्यार्थ्याचे वडील गेले. प्लाझ्मा मिळाला होता. “आणखी एक बाटली मिळाली असती तर?” असे तो पुढे किती तरी दिवस म्हणत होता. ते आकडे मी त्याला दाखविले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, “म्हणजे मी कमी पडलो नाही ना सर?” विज्ञानातला कोरडा आकडा माणसाच्या छातीवरचा दगड असा उतरवू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मग आपण घरी काय करावे? संशोधन आपल्याला करायचे नाही. पण चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? गुण आला, तो औषधाशिवायही आला असता का? ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे काय झाले? ज्यांना गुण आला नाही, त्यांची हकीकत कोणी सांगितली का? (कारण बरे झालेले गावभर बोलतात, गेलेले काही बोलत नाहीत.) आणि हा दावा दुसऱ्या कोणी, दुसरीकडे तपासून पाहिला का? हे प्रश्न जसे काविळीच्या निवळीला विचारावेत, तसेच गुळगुळीत कागदावर छापलेल्या महागड्या गोळीलाही विचारावेत. पुराव्याला जात नसते. तो देशी-विलायती असा भेद जाणत नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. घरातली वडील मंडळी श्रद्धेने काही करीत असतील तर त्यांची थट्टा करू नये. अंगाऱ्याची चिमूट कपाळाला लागली म्हणून बिघडत नाही. पण तिच्यापायी दवाखाना दोन दिवस लांबला तर बिघडते. काविळीमागे पित्ताशयातला खडा आहे की यकृतच निकामी होते आहे, हे रक्त तपासल्याखेरीज उमगत नाही, आणि तेथे गेलेला दिवस परत येत नाही. तेव्हा अंगारा लावा, आणि रिक्षाही बोलवा.

फांदीवर कावळे बसतच राहणार, आणि फांद्याही मोडतच राहणार. आपण फक्त वर पाहण्याआधी शेजारच्या फांदीकडे एकदा नजर टाकायची सवय लावून घ्यावी. उंधेऱ्याच्या त्या अठ्ठावीस घरांचे आपल्यावर एवढे ऋण निश्चितच आहे.